ळ म्हणण्यापुरती लाळ

निपाणीच्या स्टँडवर एकोणीस वर्षं
मी गाड्या सांगते.
आधी कन्नड, मग मराठी,
आणि दोघांच्या मधे घोटभर पाणी.
हे मधलं पाणी पूर्वी नव्हतं.

आधी भाकरी घशात अडायला लागली,
मग खारे शेंगदाणे.
मग एका मंगळवारी
'बेळगाविगे होगुव बस्सु' म्हणताना
जीभ वर गेली ती टाळूलाच राहिली,
तवा सोडत नाही तशा घावनासारखी.
कर्ण्यातून सगळ्या स्टँडला ऐकू आलं
नुसतं 'बे'.
फलाट तीन हसला.
कंट्रोलर कुडची आत डोकावून म्हणाले,
'अक्काताई, शेळी बांधलीय काय?'

ळ ला ओल लागते.
हे कुठल्या शाळेत शिकवलं नाही मला.
दोन्ही भाषांत तो बसलेला,
दोन्हीसाठी माझी एकच जीभ वळायची,
आणि लाळ म्हणायलासुद्धा
आधी थोडी लाळ हवी.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात
डॉक्टर शिवलीला सवदत्ती, माझ्या लेकीच्या वयाची.
हातात काचेची नळी दिली.
'पाच मिनिटं. गिळायचं नाही, अक्का.
जोल्लु येईल तेवढं सोडत राहा.'
परक्यासमोर कसं थुंकायचं,
म्हणून भिंतीकडं तोंड केलं.
भिंतीवर पाटी: 'इल्ली उगुळबारदु.'
पाच मिनिटं संपली
आणि नळीची पहिली रेघ कोरडीच होती.

मग तिनं केसपेपर उलटा करून चित्र काढलं.
चरबी नुसती साठून बसत नाही म्हणे,
रक्तातून चिठ्ठ्या पाठवते.
एकीचं नाव अ‍ॅडिपोनेक्टिन,
आमच्या एखाद्या विनंती थांब्याइतकं लांब.
जबड्याखाली गाठ असते, तिच्यात पेशी
गुरुवारच्या बाजारातल्या बायकांसारख्या
खांद्याला खांदा लावून बसलेल्या.
ही चिठ्ठी दारात आली
की त्या जरा अंग सैल करतात
आणि मधल्या फटीतून पाणी निसटतं तोंडात.
कळलं मला.
कोगनोळीचा नाका सैल असला
की माझ्याही गाड्या वेळेवर येतात.

'मग मला काय कमी?' मी म्हटलं,
'सत्त्याऐंशी किलो. अख्खं पोस्ट आहे इथं.'
ती हसेल वाटलं होतं.
पेनाचं टोपण काढत, घालत म्हणाली,
'तिथंच घोळ आहे, अक्का.
चरबी वाढली की ही चिठ्ठी कमी होते.
सडपातळ माणसाच्या रक्तात जास्त सापडते.'
'म्हणून माझं असं?'
'गोत्तिल्ला. बीपीची गोळी आहे, वय आहे.
आम्ही अजून मोजतोय.'
डॉक्टरच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकलं
आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

परतीच्या गाडीत आई आठवली.
तंबाखूच्या वखारीत पानं निवडणारी, काडीसारखी.
सुईत दोरा ओवताना
ओठांतून एकदाच ओढायची
आणि दोरा तिचं ऐकायचा.
कुणी नुसतं चिंच म्हटलं
तरी गालावर हात ठेवायची, 'सुटलं बघ गं!'
एवढ्याशा अंगातून
कुठून निघायच्या तिच्या इतक्या चिठ्ठ्या,
आणि मला लिहायचं
ती कधी विसरली?

आता सहा चाळीस.
खिडकीसमोर मल्लाप्पा आवळे चिरतोय,
मीठ-तिखटाची पुडी दातानं फोडतोय.
मी बघते. मुद्दाम बघते.
डाव्या जबड्याखाली
सुईच्या टोकाएवढं काहीतरी हललं,
किंवा मला तसं वाटलं.
बाटलीचं झाकण लावून ठेवते.
बेळगावची गाडी लागलीय,
ड्रायव्हर हॉर्न देतोय.
गिळत नाही.
बटण दाबते.
आधी कन्नड.