हाडांचं वय

मोहा पहाटे तीनपासून पडायला लागतो
आणि मॅच साडेतीनची.
यंदा मी दोन्ही कामं एकाच झाडाखाली उरकली.

टावर मिळतो फक्त तलावाच्या पाळीवर,
तोही या झाडापाशी.
एक टोपली उपडी घातली, तिच्यावर मोबाईल टेकवला,
बाजूला यमुताकीची बॅटरी
आणि स्वतः यमुकाकी, जिला ऑफसाइड म्हणजे काय
ते मी अजून समजावतेच आहे.

पहिली मॅच पांढऱ्या जर्सीवाल्या पोरींशी.
आमच्या त्यांच्या खांद्याला लागत होत्या.
चार गोल बसले. चौथ्याला काकी म्हणाली,
"यायले खायाले का देतेत व?"
मी बोलले नाही.
बाकावर डावीकडून पाचवी, तारका कुमरे,
बदलीचं पिवळं बनियन घालून.
कॅमेरा तिच्यावरून दोनदा गेला,
थांबला नाही.

हेच झाड आमचा एक पोल होतं.
दुसरा लाइटीचा खांब, तेरा पावलांवर.
मधे मी.
तारकाचा डावा पाय असा,
की बॉल बुंध्याला घासूनच आत यायचा.
सालीवर अजून तेवढी जागा गुळगुळीत आहे.
माझी करंगळीही त्याच दिवसांतली,
वाकडी; मोहा वेचताना चार बोटं वाकतात
आणि ती पाहुणीसारखी बाजूला.

दुसऱ्या मॅचला बावन्नाव्या मिनिटाला नेट गेलं.
नुसतं चक्र फिरत राहिलं,
आम्ही वेचत राहिलो.
परत आलं तेव्हा एक-एक,
आणि पोरी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या.
गोल कोणी मारला ते दुपारी कळलं.

नागपूरला आम्ही दोघी गेलो होतो,
एका एसटीनं, एका डब्यातली भाकर खात.
माझ्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून.
वर्गातल्या एकवीस जणांची एक जून.
गुरुजींना ती तारीख सोपी जायची.
तिथं मनगटाचा एक्स-रे काढला.
डॉक्टरबाई चांगल्या होत्या, फिल्म उजेडात धरून म्हणाल्या,
ही फट बघ, पोरी, भरून आली.
घरी येऊन आईला विचारलं, मी कवा झाली?
"मोहा सरता सरता," ती म्हणाली.
वर्ष विचारलं तर चुलीत फुंकर घालत बसली.

तारकाची फट उघडी होती.
केसाएवढ्या त्या फटीतून
ती विमानात गेली.

तिसरी मॅच. दोन-एकनं मागे.
एकोणऐंशीव्या मिनिटाला पाटी वर झाली, हिरव्या आकड्यात चौदा.
"टाका कुम्रे," असं काहीतरी म्हणाला बोलणारा.
"तारका," काकीनं मोबाईलला सांगितलं.

अकरा मिनिटं आणि वरची चार.
सहा वेळा बॉलला तिचा पाय लागला, मी मोजलं.
सहाव्यांदा ती डावीकडून आत आली,
मान खाली, पाय मागे,
आणि मी टोपली सोडून झाडाकडे झेपावले.
खरंच झेपावले. पूर्ण आडवी,
पडलेल्या मोहावर.

बॉल पोलला घासला
आणि बाहेर गेला.

काकी हसली नाही.
माझ्या कोपराला चिकटलेली फुलं
एकेक काढून तिनं टोपलीत टाकली,
वाया कशाला घालवायची.

सोमवारी तारका येते आहे.
फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा,
यावरून ग्रामपंचायतीत आतापासून भांडण.
काल रात्री तिचा फोन आला.
"पाह्यलं का व?"
"पाह्यलं."
"बाहेर गेला."
"हो."
मग बराच वेळ एसीचा आवाज,
त्यात मागे कोणी तरी पोरगी रडत होती,
की हसत होती, कळेना.
"औंदा कसा हाय मोहा?"
मी म्हटलं, "बरा हाय.
आजचा थोडा चेंदला माह्याखाली."