दिवेल

साखर सीमेवर उभी आहे, डॉक्टर म्हणाले,
जणू तिला पलीकडे जायचा परवाना हवाय.
रोज कमाटीबागेत सहा हजार पावलं.
पर्थहून जाईनं घड्याळ पाठवलं,
काळं, चौकोनी, पावलं मोजणारं,
आणि समोरच्या जिमचे तीन महिन्यांचे पैसे
परस्पर भरून टाकले.

गेले होते एकदा.
काचेमागे बारा माणसं जागच्या जागी धावत होती.
एक मुलगा लोखंड उचलायचा, परत तिथेच ठेवायचा.
वाटलं, त्याला सांगावं, बाबा रे, आमच्याकडे ये,
माळ्यावर पितळेचे नऊ डबे आहेत,
उचलतोच आहेस, तर पुसूनही ठेव.

बाबा दांडियाबाजाराच्या मागच्या आखाड्यात जोडी फिरवायचे.
अंगाला माती, मग दूध, मग कचेरी.
त्याच वेळी आई पाणी भरायची,
दोन कळशा, सत्तावीस पायऱ्या.
बाबांच्या दंडांची गल्लीभर चर्चा होती.

एप्रिलात वर्षाचा गहू आला.
गच्चीवर जुनी चादर, तिच्यावर चार मण भालिया,
वरून दिवेलाची धार.
कोपरापर्यंत हात घालून चोळायचा,
आधी मांडी घालून, मग उकिडवं, मग गुडघ्यांवर,
लांबून ओढायचा, पुन्हा पसरायचा,
दाणा न दाणा चकाकेस्तोवर.
घाम पाठीवरून कंबरेत उतरला,
खांदे भरून आले,
श्वास कुणी न सांगता लांब झाला
आणि घड्याळ थरथरलं:
बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं हला.

इतकी हसले की शेजारच्या पटेलबेन
जिना चढून बघायला आल्या.
तेलकट बोटांनी ते काढलं, कठड्यावर ठेवलं.
एक कबूतर त्याच्याजवळ बसून राहिलं.

मग घरच धरलं.
खंडेराव मार्केटातून दोन्ही हातांत पिशव्या, रिक्षा नाही.
चटणी पाट्यावर.
चादरी हातानं पिळायच्या, एक टोक यांच्याकडे,
हे तीन पिळांत दमायचे आणि पेपर आठवायचा.
फरशी स्वतः पुसायची, उकिडवं बसून,
दिवाणाखालचा कोपरासुद्धा.
श्रावणात साखर उतरली.
डॉक्टर म्हणाले, चालता ना रोज?
म्हटलं, हो, ओट्यापासून गच्चीपर्यंत.

इथेच संपवणार होते.

पण जमनाला मी सांगून बसले होते,
फरशी राहू दे, तू नुसती भांडी कर.
ती मोरीपाशी उभी राहिली, पदर खोचत, सोडत.
"पैसा कापशो, बेन?"
नाही गं, म्हटलं. नाही.
माझ्या व्यायामाची किंमत
तिनं मनात आधीच मांडून पाहिली होती.

काय वाटलं कोण जाणे,
ते घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं,
उद्या आण म्हटलं.
पाच घरं, तांदळजाहून येणं, जाणं, रात्रीचं पाणी.
एकवीस हजार चारशे बारा.
तिनं आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.
"आना पैसा मळे?"

तिचे गुडघे माझ्याहून नऊ वर्षांनी लहान
आणि जिना उतरताना माझ्याहून थोर.
दिवेल गरम करून वाटीत दिलं तिला,
खुर्ची ओढली, चहा ठेवला.
आधी ती टोकावर बसली, मग पाठ टेकली,
कप रिकामा झाला तरी उठली नाही.

तेवढ्यात ते थरथरलं.
"शुं कहे छे?"
बस म्हणतंय, मी म्हटलं.
तिनं ते मराठीत ऐकलं की गुजरातीत,
विचारलं नाही.
तिनं पाय वर घेतले.

कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मी उठले.