जोडीचा नमदा

मी नुसता ट्रक चालवतो.
जूनमध्ये शाळा सुटली की बिश्केकच्या कडेला
कचराडेपोमागच्या वस्तीतून
एकोणीस पोरं मागे घालायची
आणि साडेसहा तास वर.
दोन ठिकाणी इंजिन तापतं. चार ठिकाणी पोरं ओकतात.
मग झाडं संपतात, तारा संपतात,
फोन मुका होतो
आणि गवत सुरू होतं.

उल्कान-एजे तंबूच्या दारात उभी असते,
हात कोपरापर्यंत ओले.
(थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो.
ती सगळ्यांचीच थोरली आहे, माझ्या आईचीसुद्धा.)
"आलात? बूट काढा."
एवढंच स्वागत.

ही पोरं वस्तू ओळखतात वजनावरून:
पत्रा किती, तांब्याची तार किती,
बाटल्यांचं पोतं कितीला जाईल.
लोकर हातात घेतली आणि हसायला लागली.
हिला वजनच नाही!
"आहे," एजे म्हणाली. "भिजू दे."

पहिला दिवस नुसतं झोडपणं.
दोन्ही हातांत वाळुंजाच्या छड्या
आणि समोर मेंढ्यांचा अख्खा हिवाळा,
काटे, लेंड्या, वाळकं गवत उडतंय.
बेगिमाय अशी झोडपत होती
की एजेने तिच्यापुढे आणखी एक ढीग टाकला
आणि काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोरूच्या चटईवर थर,
वरून कढत पाणी, साबणाचा कीस,
गुंडाळी, दोर,
आणि मग लाथा.
ओढ्यापर्यंतच्या उतारावर, ओळीने, लाथा.
मी ट्रकखाली पडून गळका पाइप बांधत होतो.
तिथून फक्त पाय दिसत होते
आणि मधून घरंगळणारी वाफाळती गुंडाळी.
मोजले. छत्तीस.
उरलेले दोन माझ्या मागच्या चाकापाशी होते.

तिलेक.
त्याची आई मॉस्कोत जिने पुसते.
चार वर्षं झाली. तिच्याबद्दल तो बोलत नाही,
तसा तो कशाबद्दलच बोलत नाही.

पण सुरी निघाली तेव्हा उठला.

आमच्याकडे नमदा एकटा कापत नाहीत.
तांबड्यावर काळा ठेवायचा,
खडूने मेंढ्याची शिंगं काढायची
आणि एकाच सुरीने दोन्ही आरपार.
मग तांबड्यातलं काळ्यात बसवायचं, काळ्यातलं तांबड्यात.
फेकायला काही उरत नाही.
त्या पोरांना हे दोनदा सांगावं लागलं.

शिंगाच्या वळणावर तिलेकची सुरी घसरली.
चांगली वीतभर.
सगळे गप्प. खालची घोडीसुद्धा चरायची थांबली,
असं मला तरी वाटलं.
त्याने सुरी खाली ठेवली, खांदे आत ओढले.
मार खायला तयार झालेले खांदे
मला ओळखू येतात.

एजेने वाकून पाहिलं.
"दोन्ही थरांत गेली?"
त्याने मान हलवली.
"एकाच जागी?"
पुन्हा मान.
"मग काय बिघडलं? ह्याची चूक त्याच्यात बसेल."
आणि दाभण त्याच्या हातात दिलं.

बसली.
उंटाच्या लोकरीच्या दोऱ्याने शिवली त्याने,
तीन दिवस, जीभ दातांत धरून.

ऑगस्टअखेर पोरं खाली आणली.
तारा आल्या, फोन बोलायला लागले, पुढे तो वास.
वस्तीतल्या ओल्या जमिनीवर आता तिलेक
एका नमद्यावर झोपतो.
जोडीतला दुसरा त्याने पोत्यात शिवून
माझ्याकडे आणला,
कारण माझा मेहुणा जर्दाळू घेऊन मॉस्कोला जातो.
पत्ता नव्हता.
पोत्यावर शाईने फक्त तिचं नाव,
एक अक्षर खोडून वर पुन्हा काढलेलं.

मेहुणा म्हणाला, "एवढ्या मोठ्या शहरात विचारू कुणाला?"
मी म्हटलं, "जिने पुसणाऱ्यांना."