लिटरमागे

आधी एकोणीस पडायचे. मग साडेसतरा.
दिवाळीनंतर कधीतरी चौदा.
आणि परवा, खानापूर रोडच्या पंपावर
टाकी काठोकाठ भरून भागाकार केला, तर बारा पॉइंट सहा.
पावत्या वहीत चिकटवल्यात सगळ्या,
कानडी छापाच्या, शाई उडालेल्या,
भिंग घेऊन वाचते. सवय आहे.
कोर्टाचे कागद कानडीतून मराठीत, मराठीतून कानडीत,
पानामागे पैसे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं.
शेजारचे सदलगेकर : पंपवाला मापात मारतो.
भाचा : मावशी, विकून टाक.
चंदगडची वहिनी : आम्ही शिनोळी ओलांडून
तुमच्याकडे येतो भरायला, स्वस्त म्हणून,
आणि तू रडतेस!

उद्यमबागेतला भरमू मुतगेकर काहीच म्हणाला नाही.
बॉनेट उघडलं. फिल्टर काढून आपटला पायरीवर,
अनगोळच्या रस्त्याची वर्षभराची धूळ.
"हे हाय, पण एवढं न्हाई."
तीन प्लग काढले, फडक्यावर ओळीनं मांडले.
टोकं कौलाच्या रंगाची.
"जळण बराबर जळूलालंय."
वाकून वास घेतला. गळती नाही.
चाकांत हवा बावीस होती, तीस केली.
मग डिकी उघडली आणि पहिल्यांदा हसला.
निकालांच्या नकला, तीन गठ्ठे, सुतळीनं बांधलेले.
"अक्का, कुणाचं ओझं हे?"
पक्षकारांचं, म्हटलं. न्यायला कुणी आलंच नाही.
"उतरवा."

मच्छेपर्यंत जाऊन येऊ, म्हणाला,
ब्रेकला शक्यतो पाय लावू नका.
सपाट रस्त्यावर न्यूट्रल करायला लावलं.
जरा घरंगळायला हवी होती गाडी.
ती थांबली,
उंबऱ्यात परकं माणूस दिसल्यासारखी.

कडेला घेतली. भरमू चाकाचाकापाशी उकिडवा बसत गेला,
तळवा टेकत गेला.
पुढची दोन कोमट. मागचं उजवं गार.
मागच्या डाव्याला त्याचा पोऱ्या इराप्पानं हात लावला
आणि बोटं तोंडात घातली :
"बिसी, बिसी!"
भाषांतराची गरज नव्हती.

"हँडब्रेक वडता?"
ओढते.
"कुठं?"
दुसऱ्या रेल्वे गेटावर, फाटक पडलं की.
तिथं उतार नाही. तरी ओढते.
एक्कावन्नाव्या वर्षी शिकले मी गाडी;
शिकवणाऱ्याला एकच भीती होती, मागच्यावर जाऊ,
तेवढीच त्यानं मला मनापासून शिकवली.
सोडताना एक दात राहत असेल.
"लाल दिवा लागत न्हाई व्हय?"
तो बंद पडला दोन वर्षांमागे.
मला बरंच वाटलं होतं,
एक डोळा कमी झाला माझ्यावरचा.

केबल गंजून अडकली होती. ड्रमच्या आतले लायनर
चाकाला धरूनच बसलेले, दिवाळीपासून.
हिंडलग्याला धरून, कॅम्पात धरून,
लेकीच्या डोहाळजेवणाला संकेश्वरला गेले
तेव्हाही धरून, जाऊन-येऊन.
आणि मी वर घाटात गाडीला म्हटलं होतं,
म्हातारी झालीस गं.

केबल साडेनऊशे. दिवा तीस रुपये.
गठ्ठे आता घरात, शिलाई मशीनखाली.

पुढची टाकी : सतरा पॉइंट दोन.
वहीत दोनदा लिहिलं, खाली रेघ मारली.
मग भरमूला फोन लावला :
सगळं ठीक, पण एकोणीस नाहीत अजून.
दोनेक किलोमीटर कुठे जातात लिटरमागे?
तो गप्प. पाना ठेवल्याचा आवाज.
"अक्का, कुठनं बोलूलालाव?"
दुसऱ्या गेटावरून. मालगाडी यायचीय.
"मग हे मागं
काय ऐकू येऊलालंय मला?"