नाव नाय माहीत

रविवार, साडेनऊ. देवनारची पालिकेची बाग.
पंचवीस मुलं, अकरा पेन्सिली,
आणि मी, एस.वाय.बी.एस्सी.,
एनएसएसचे तास भरायला आलेला.

खरं सांगायचं तर
तामण कुठली नि बहावा कुठला
हे काल रात्री मोबाईलवर पाठ केलंय.
फुलं नसली की दोन्ही नुसतीच हिरवी.

"एक मिनिट डोळे मिटा.
कानावर येईल ते लिहा."

शगुफ्तानं लिहिलं: कावळा. परत कावळा. रिक्षा.
निनादनं: मिक्सर, समोरची बिल्डिंग, चौथा मजला.
त्याची आई तिथेच कामाला जाते.
कुणीतरी लिहिलं: दादाच्या पोटात गुरगुर.
खरंच होतं. सकाळी नुसता चहा घेतलेला.

मेहरूननं मात्र कागद कोराच दिला.
"काहीच नाही आलं ऐकू?"
"आलं ना. पण त्याचं नाव नाय माहीत."
आणि बोट दाखवलं
पर्जन्यवृक्षाच्या खोडाकडे,
पालिकेनं नंबर ठोकलाय, त्या खिळ्याच्या जरा वर.

मी कान लावला.
साल खरखरीत, किंचित गार.
आत, खूप बारीक, कुणीतरी काहीतरी
कुरतडत होतं. किंवा वर सरकत होतं.
माझ्या पाठांतरात हे नव्हतं.

मग रांग लागली. ढकलाढकली.
एकेक कान, तेच खोड.
माळीमामा पाइप धरून बघत राहिले,
पाणी भलत्याच वाफ्यात.

बाराला वॉचमनची शिट्टी.
वहीवर सही घेतली: तास अडीच.
"काय शिकवलं?" या रकान्यात
पेन टेकवलं,
उचललं.