शेवटून चौथं अक्षर

एकतीस वर्षं अमळनेरात फळ्यावर लघु-गुरू मांडले.
निवृत्तीनंतर दारात उभा राहिला हर्षल बोरसे,
दहावीत ज्याला मात्रा कधी मोजता आल्या नाहीत,
हातात इटालियन क्रियापदांची झेरॉक्स.
"पाडवा व्हयना का तठे जानं शे, बाई. गायीस्ना गोठावर."

मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.
अक्षर फोडणं येत होतं.

'मेत्तो', ठेवतो मी. जोडाक्षर आहे,
अर्धा त अलीकडे, उरलेला पलीकडे.
"तुझे वडील तूर भरडतात ना, तसं.
मधोमध. चुरा न होता."
तो हसला, आणि गप्प झाला.
दगाजी बोरसे, पैलाडच्या डाळ मिलवर,
पासपोर्ट आला त्या दिवसापासून
मुलाशी चकार शब्द नाही.

'पार्लो', बोलतो मी. 'पार्ली', तू. 'पार्ला', तो.
मी-तू-तो म्हणावंही लागत नाही,
शेवटच्या स्वराला सगळं ठाऊक.
अहिराणीत मी बोलस, तू बोलस, तो बोलस,
क्रियापद ढिम्म,
माणसं येतात-जातात.

मग खोडा आला.
पार्लो: 'पा'वर जोर, तर बोलतो मी, आत्ता.
'लो'वर जोर, तर बोलला तो, केव्हाच.
अक्षरं तीच. मात्रा तेवढ्याच.
आमचा गुरू ठाण मांडून बसतो,
इथे वजन उठून चालू लागतं
आणि जाता जाता 'मी'चा 'तो' करून टाकतं.
चार दिवस हर्षल चुकला.
चार दिवस मी टेबलावर डस्टर आपटलं
(डस्टर तेवढं शाळेतून आणलेलं, कोणाला सांगू नका).

ते-ले-फो-ना-नो. फोन करतात ते.
पाच अक्षरं, जोर 'ले'वर, शेवटून चौथ्या.
तो हटकून 'ना'वर द्यायचा.
म्हटलं, अरे, शेपूट लांबलं
म्हणून जोर पुढे सरकत नाही.
लांब गेलेले फोन करतात
तेव्हा वजन मागेच असतं, घराशी.
मी हे व्याकरण म्हणून सांगितलं.
त्याने खाली रेघ मारून लिहून घेतलं.

स्टेशनावर दगाजी आले,
भुवयांवर डाळीची पिवळी धूळ,
हातात तूरडाळीची पिशवी, पाच किलो तरी.
विमानात वजन मोजतात, हर्षल म्हणाला.
त्यांनी पिशवी तशीच धरून ठेवली.
सुरतेकडची गाडी हलली,
डबा दोन हात पुढे गेला,
आणि तेव्हा ते म्हणाले, "जाय."

लिहायला दोन अक्षरं, ऐकायला एक.
पार्लो, मी पुटपुटले,
जोर अगदी शेवटावर.

पिशवी माझ्याकडे आली. वरण चांगलं होतं.
झेरॉक्सचं शेवटचं पान आज्ञार्थाचं, शिकवायचं राहूनच गेलं:
'जा' म्हणायला त्यांच्याकडे नुसतं 'वा',
शेपूट छाटलेलं,
छाटल्या जागी
नखाएवढी एक खूण.