नअम

पहाटे साडेतीनला मी बसते,
बीबी मोझाच्या पलंगाशेजारी, गालिच्यावर,
हाक आली तर एका ढांगेत पोचता येईल इतकी जवळ.
ऑक्सिजनचं यंत्र घरघरतं.
खिडकीबाहेर सूरची खाडी ओहोटीला लागलेली;
चिखलात कलंडलेलं एक जुनं गलबत,
मी आल्यापासून कुणी हलवलेलं नाही.

नागपूरला शिकले होते हे.
दहा दिवस तोंड बंद, फोन कुणाच्या तरी कपाटात.
अकराव्या दिवशी फोन परत मिळाला
तेव्हा त्यात एजंटाचे सात मिस्ड कॉल होते.
व्हिसा आला होता.
धम्म आणि नोकरी एकाच पिशवीत कोंबून
मी मस्कतला उतरले.

नाकपुडीच्या खाली, वरच्या ओठाच्या वर,
तिळाएवढी जागा. तिथे बघायचं.
आत येणारा वारा गार, बाहेर जाणारा जरा कोमट.
इथल्या वाऱ्याला लुबानाचा वास, डेटॉलचा,
आणि काल तळलेल्या सुरमईचा.
नाव देऊ नका, नुसतं जाणा, असं सांगितलं होतं.
मी देते नाव.
सुरमई म्हटलं की मन निमूट परत येतं.

परवा बीबीने गोळी माझ्या तोंडावर थुंकली.
राग आधी कानाच्या पाळीत येतो
हे छत्तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.
पाळी तापली. मग जबडा. मग उजवा हात.
तो उचलला गेला नाही,
पण त्याला उचलायचं होतं, हे मी पाहिलं.
पाहता पाहता तो पुन्हा नुसता हात झाला,
टॉवेल शोधू लागला.
दर वेळी असं होत नाही.
रमजानात एकदा मी दार आपटलं होतं.

आणि नावाचं काय करायचं?
ती मला रय्या म्हणते.
रय्या तिची धाकटी बहीण, देवीच्या साथीत गेली,
बीबी तेव्हा नऊ वर्षांची.
पहिला महिना मी रोज दुरुस्त करायची:
विशाखा, बीबी. वि-शा-खा.
रोज तिला बहीण गेल्याचं नव्याने कळायचं.
रोज ती तेवढीच रडायची.
मग मी नअम म्हणू लागले.
अरबीत नअम म्हणजे हो.
माझ्या कानाला ते नाम ऐकू येतं.

चौथं शील मी संध्याकाळी म्हणते
आणि सकाळी मोडते.
आईला फोनवर विचारलं.
विहार झाडता झाडता ती म्हणाली,
कुणासाठी बोलतेस खोटं, तुझ्यासाठी की तिच्यासाठी?
दोघींसाठी, मी म्हटलं.
खराटा थांबल्याचं ऐकू आलं.
मग म्हणाली, बघत राहा.

आज तिचा श्वास आणि माझा
थोडा वेळ एका मापात पडले. मुद्दाम नाही.
कोणता कुणाचा ते शोधायला गेले आणि निसटलं.
तेवढ्यात अंधारातून ती बोलली,
अगदी जागेपणीच्या आवाजात:
"तू रय्या नाहीस."

माझा श्वास थांबला.
थांबलेला मी पाहिला.

"रय्याचा श्वास असा वाजत नसे.
तू लांबची कुणीतरी आहेस. तुझे लोक कुठे?"
"हिंगणघाटला."
ते बंदर आठवत ती जरा वेळ पडून राहिली.
"तिथे गलबतं जातात?"
"नाही, बीबी. तिथे समुद्र नाही."
"बिचारी," ती म्हणाली,
आणि चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

नऊ महिने रोज शेवटची पाच मिनिटं
मी मंगल मैत्री देत होते:
हिला, हिच्या मुलाला, एजंटाला सुद्धा, दात आवळून.
कुणी मला देईल
हे माझ्या यादीत नव्हतं.

बांग सुरू झाली. हात तसाच होता,
हाडांचा, हलका, लुबानाच्या वासाचा.
मग सैल पडला.
"रय्या, पाणी."

पायाला मुंग्या आल्या होत्या.
"नअम," म्हणत उठले.